नळावरचा हात

कारखान्यामागच्या मोरीवरचा लोखंडी नळ दिवेलागणीला माणसाचा हात धरतो, हे हमरापूरच्या पुढे खाडीकडे असलेल्या त्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त प्रतिक्षाला, आणि कारखाना होता तिच्याच आईचा, सगुणाचा. त्यातून प्रतिक्षा रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी. आठवीच्या पोरांना वीज आणि चुंबक समजावून देण्यात तिचा हातखंडा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असाच असतो.

शिमग्याच्या सुट्टीत ती घरी आली. एरवी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात भाड्याच्या खोलीत राहायची, कुंडलिका नदीचा पूल ओलांडून शाळेत जायची आणि महिन्यातून कधीतरी गाडी पकडून आईला भेटून यायची. आली की घटकाभर बसायचं, मासळीवर ताव मारायचा आणि ऊन कलायच्या आत परत फिरायचं, असा शिरस्ता. दिवेलागणीला ती कधी घरी नसायचीच. यावेळी राहिली. दुपारभर आईबरोबर बसून गणपतीच्या कच्च्या मूर्तींना तिनं पॉलिशपेपर घासला आणि कोपरापर्यंत पांढरी होऊन मोरीवर हात धुवायला गेली.

नळाला बोटं लागली आणि कोणीतरी तिचा हात धरला.

झटका बसला असता तर ती ओरडली असती. हे तसं नव्हतं. बोटांत बोटं घालून कुणी हलकेच दाबावं, आणि दाबताना त्या माणसाचा हात थरथरावा, असं होतं ते. तिच्या बापाचा, शिवाचा हात असाच थरथरायचा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना ब्रश धरला की स्थिर, आणि ब्रश खाली ठेवला की थरथर सुरू. लहानपणी जत्रेत त्यानं हात धरला की ती थरथर तिला खांद्यापर्यंत जाणवायची. शिवाला जाऊन दोन वर्षं व्हायला आली होती.

तिनं हात मागे ओढला. वळून पाहिलं तर मागच्या दारात आई उभी. तिच्या तोंडावर असं हसू होतं, जे प्रतिक्षानं बाप गेल्यापासून पाहिलंच नव्हतं.

"भेटला?" आईनं विचारलं.

"कोण?"

"कोण म्हंजे? तुजा बापूस." आई पुढे आली. "मी तुला बोललेच नाय. म्हटलं, शिकलेली पोर, हसंल. आता तुलाच भेटला तर बोलते."

आणि मग ती सांगत राहिली. त्या वर्षी श्रावणात, गणपतीच्या ऐन धामधुमीत शिवा याच मोरीवर पडला होता. हात धुवायला गेला तो परत आलाच नाही. आई पाहायला आली तेव्हा नळ तसाच वाहत होता आणि शिवा ओल्या फरशीवर आडवा. पेणला नेलं, डॉक्टर म्हणाले, हार्ट. हे सगळं प्रतिक्षाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. शिवाला उचलून नेलं तेव्हा आईनं वाहता नळ बंद करायला हात घातला, आणि त्याच क्षणी त्यानं तिचा हात धरला. जाता जाता धरला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला येतो, काम आटोपून हात धुवायच्या वेळेला.

"आये, त्या वेळेला तू मोटार लावतेस का?"

"व्हय. वरची टाकी भरायची नको? त्याची येळ आनि मोटारीची येळ एकच."

प्रतिक्षाला हायसं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. मोटारीतून करंट गळतोय, तो लोखंडी पाइपातून नळात उतरतोय. आठवीच्या मुलानंही ओळखलं असतं. ती समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं पायातल्या रबरी चपला काढून बाजूला ठेवल्या. टाच फुटते म्हणून ती वर्षानुवर्षं चपलेशिवाय मोरीवर पाऊल टाकत नसे. मग तांब्याभर पाणी घेऊन तिनं ते आपल्याच पायांखाली ओतलं.

"हे काय करतेस?"

"पावसाळ्यात कसा घट्ट धरायचा. आता उन्हानं जमीन सुकली, तसा त्याचा हात ढिला पडत चाललाय. चपला काढल्या, पाय ओले केले, की नीट धरतो." आणि तिनं नळाकडे हात नेला.

प्रतिक्षानं तो मनगटाला पकडून खाली ओढला. पावसाला अजून अवकाश होता. पण तो यायचा थोडाच राहणार होता? भिजलेली जमीन, अनवाणी पाय, आणि ही बाई नळ धरून नवऱ्याची वाट बघत उभी.

"आये, हा करंट आहे. यात बाबा नाही."

आई रागावली नाही. हे जास्त वाईट होतं. "तूच पोरान्ला सांगतेस ना," ती म्हणाली, "दिसत नाय म्हणून नाय असं नाय?"

खरंच सांगायची. होकायंत्राजवळून तार नेऊन तीत विजेचा प्रवाह सोडला की सुई कुणी हात न लावता फिरते. पोरं आ वासून बघतात आणि मग हे वाक्य यायचं, दर वर्षी, त्याच जागी. घरी येऊन तिनं ते कधीतरी कौतुकानं सांगितलं असणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिनं मोटार बंद केली आणि कारखान्यात जाऊन मीटरच्या बोर्डापासून खाली येणारी अर्थिंगची तार शोधली. ती असायलाच हवी होती. कारखान्याचं कनेक्शन बापानं हौसेनं, सगळं रीतसर करून घेतलेलं. यंत्राच्या अंगात करंट उतरला तर त्यानं माणसाच्या वाटेला न जाता मुकाट जमिनीत जावं, म्हणून असते ती तार. भिंतीवरून उतरून जाड तांब्याची तार मागच्या अंगणाकडे गेली होती. जमिनीपासून वीतभर वर संपली होती. टोक तिरपं होतं, कोयत्याच्या एका घावात तुटल्यासारखं.

"आये, ही तार कुणी तोडली?"

"मीच," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "तुला ते पन बोलले नाय. आपल्यावर करणी केलेली कोणीतरी."

त्या वर्षी आषाढात मूर्ती तडकत होत्या. साचा तोच, माती तीच, पण सुकायला ठेवली की चीर पडायची. शिवा मुंबईला मूर्ती पोचवायला गेलेला. शेजारच्या ठमाबाईनं भगत आणला. भगत कारखान्याभोवती फिरला, मागच्या अंगणात एका जागी थांबला आणि म्हणाला, खणा. खणलं तर काय! लोखंडी नळकांडं, त्याला गुंडाळलेली तांब्याची तार, आणि भोवती कोळसा आणि मीठ, कोळसा आणि मीठ, थरावर थर. बघूनच दोघींच्या अंगावर काटा आला. आईनं कोयत्यानं तार तोडली, सगळं पाटीत भरलं आणि ओहोटी लागल्यावर खाडीत सोडून आली, म्हणजे पाण्याबरोबर लांब निघून जावं. शिवानं अर्थिंगसाठी ते खणून-पुरून घेतलं तेव्हा ती माहेरी, भावाच्या मिठागरावर होती. घरामागे काय पुरलंय हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आणि शिवाला ती बोलली नाही, कारण भगत म्हटलं की तो पिसाळायचा.

"मग मूर्ती तडकायच्या थांबल्या बग," आई म्हणाली.

आषाढ सरून दमटपणा कमी झाल्यावर त्या थांबणारच होत्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण प्रतिक्षाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. आषाढात ती वाट तोडली, आणि श्रावणात बाबा गेला. डॉक्टरला कुणी नळाचं सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. चाळीस मूर्ती आखायच्या राहिल्या होत्या आणि माणूस दमला होता, एवढंच सगळे म्हणाले.

समोर आई गुणगुणत पाटीतले ब्रश उचलत होती.

आता सांगायचं तरी काय? नळ धरू नकोस म्हणावं, तर ती ऐकणार नाही. का धरू नकोस ते सांगावं, तर अर्थिंग म्हणजे काय ते सांगावं लागेल. आणि ते एकदा सांगितलं की कोळसा आणि मिठाचा हिशोब लावायला सगुणाला मास्तरणीची गरज नव्हती. बाईचं लग्नाआधीचं आयुष्य मिठात गेलेलं. आईचा जीव वाचवायचा, तर तिच्या जिवावर आयुष्यभराचा धोंडा ठेवायचा. प्रतिक्षाला बापाचाच राग आला. एवढा मूर्तींचे डोळे लिहिणारा माणूस, बायकोला एक खड्डा दाखवता आला नाही.

रोह्याला परतल्यावर तिच्या वर्गातल्या मृणालीनं विचारलं, "मॅडम, करंटला माणूस कळतो का?" पोरं हसली. प्रतिक्षा हसली नाही. "करंटला माणूस कळत नाही," ती म्हणाली. "त्याला वाट कळते. जमिनीत जायची जी वाट सोपी, त्या वाटेनं तो जास्त जातो." तिनं पाठ फिरवून फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

त्या संध्याकाळी पुलावरून जाताना तिनं पेणच्या निलेशला फोन लावला. निलेश वायरमन, शाळेत तिच्याबरोबरचा. कासूला मावशीच्या नातीचं बारसं होतं, आई दिवसभर तिकडे असणार होती. नेमक्या त्या दिवशी दोघांनी चोरासारखं कारखान्यामागे खड्डा खणला. पाइप उभा केला, तार जोडली आणि भोवती कोळसा आणि मीठ, थरावर थर.

"मोटारच नाय, अख्खं वायरिंग सादळलंय," निलेश म्हणाला. "ट्रिप स्विच लावला तर मिनिटभर टिकायचा नाय, सारखा पडंल. वायरिंग बदलायचं म्हंजे काम बंद ठेवायला लागंल. सीझनमदी काकी ठेवनार नाय. पण ही अर्थिंग भक्कम हाय. उन्हाळ्यात रोज खड्ड्यात पाणी घालत जा. जमीन ओली पायजे."

"घालते," प्रतिक्षा म्हणाली, रोज रोह्याहून कसं यायचं याचा विचार न करता, आणि कुणाला दिसू नये म्हणून वर माती सारखी करून मोडक्या साच्यांचा ढीग रचला. मोटार लावून नळाला उलट्या बोटानं हात लावून पाहिला. काही नाही. गार लोखंड. सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. तिनं आधी हात उलटा लावला होता, मग सुलटा लावला, मग मूठ करून धरला, आणि नळ सोडवेना. बापाला आपण दुसऱ्यांदा घराबाहेर काढलं असं तिला वाटलं. विज्ञानाची पदवी अशा वेळी काही कामाची नसते.

पुढच्याच आठवड्यात फोन आला तो ठमाबाईचा. "गो बाय, तुजी आय जेवत नाय. शिवा यायचा थांबला बोलते. अंगणात बसून असते नुसती. तू ये."

शनिवारची शाळा आटोपून प्रतिक्षा पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. पॉलिशला येणाऱ्या बायका निघून गेल्या होत्या. कारखान्यात अजून डोळे न लिहिलेल्या मूर्ती ओळीनं बसलेल्या, आणि मोटारीची घरघर. ती मागच्या दाराशी आली आणि जागच्या जागी थिजली. साचे बाजूला फेकलेले. खड्डा उघडा. पाटीत काळं-पांढरं ओलं मिश्रण, आणि तोडलेल्या तारेजवळ आई हातात कोयता घेऊन उभी. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले.

प्रतिक्षा उलट्या पावली धावली आणि तिनं मेन स्विच खाली पाडला. घरघर थांबली.

"पुन्यांदा केली!" आई बाहेरून ओरडत होती. "तेच कोळसं, तेच मीठ, तीच तार! म्हणून तो येत नव्हता. बांधून ठेवलेला त्याला. आनि हे कोणाचं काम ते मला नाय कळत? पयली जागा कोणाला ठावं व्हती? ठमीला! तिनंच भगत आणला, तिनंच पुन्ना पुरलं. मी आता जाते आनि तिच्या अंगणात तिच्या झिंज्या धरून…"

ती कोयत्यासकट निघालीच होती. प्रतिक्षा दारात आडवी झाली. खोटं बोलायची वेळ होती ती. एक नाव, कुठलंही, दूरचं. तिच्या तोंडात आलंही असतं. पण आईचा संशय त्यानं हलला नसता, आणि ठमाबाईनं तर बाप गेला तेव्हा दहा दिवस या घरची चूल सांभाळली होती.

"आये, ते मी केलं."

आईला आधी कळलंच नाही.

"मी केलं. निलेशला बोलावून. तू कासूला गेलीस तवा."

"तू?" आईचा आवाज एकदम लहान झाला. "बापावर करणी केलीस तू?"

"करणी नाय गो ती. अर्थिंग हाय." शाळेतली भाषा केव्हाच गळून पडली होती. "मोटारीतला करंट नळात उतरतो. त्याला जमिनीत जायचं असतं. हा पाइप, ही तार, हा कोळसा, हे मीठ, ही त्याची वाट. मिठानं जमीन ओल धरते, मग वाट सोपी व्हते. वाट असली की तो माणसाच्या अंगातनं जात नाय."

"आनि वाट नसली तर?"

"तर नळाला जो हात लावंल, तोच वाट."

आईनं पाटीकडे पाहिलं. मग तारेच्या टोकाकडे. वर्गात प्रतिक्षा प्रश्न कधी अर्धवट सोडू देत नसे. उत्तरापर्यंत पोराला ढकलत न्यायची. आत्ता तिला वाटलं, आईनं इथंच थांबावं, पुढचं विचारू नये, देवा, हिला पुढचं सुचू नये.

"पयल्या येळला जे निघालं," आई सावकाश म्हणाली, "ते पन हेच."

"व्हय."

"तुज्या बापसानं घातलेलं."

"व्हय."

"त्या दिवशी तो अनवानी व्हता. पाऊस व्हता." आई थांबली. "डाक्टर बोलला, हार्ट."

"हार्टच बंद पडलं आये. पण ते…"

"पुरं."

कोयता तिनं काळजीपूर्वक भिंतीला टेकवून ठेवला, जणू तो कुणाचा तरी उसना आणलेला होता. मग आत जाऊन मूर्तींच्या ओळीत, रिकाम्या पाटावर बसली. मेन स्विच पाडलेला, त्यामुळे घरात दिवा नव्हता. अंधार पडत गेला तशी त्या बिनडोळ्यांच्या मूर्तींतली आई कुठली, हे ओळखू येईना. रडण्याचा आवाज नव्हता. प्रतिक्षानं हाका मारल्या, माफी मागितली, गप्प बसलीस तर मी काय समजू म्हणून ओरडलीही.

प्रतिक्षाला तिथंच बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि पाट रिकामा होता.

घर, कारखाना, मोरी, कुठंच नाही. ठमाबाईकडे नाही. प्रतिक्षा खाडीच्या बाजूला धावत सुटली, आणि पळताना तिला एकच दिसत होतं, ओहोटीचं पाणी, जे सगळं लांब नेतं. बांधावर पोचली तर समोरून कोणी येत होतं. डोक्यावर पाटी, पाटीखाली चुंबळ, चाल सावकाश. आई होती. डोक्यावर मीठ होतं, तिच्या भावाच्या मिठागरातलं, भरडं. पायांत चपला होत्या.

"ते खड्ड्यातलं मातीत मिसळलं," आई जवळ आल्यावर म्हणाली. "हे चांगलं हाय. निलेशला बोलव."

निलेश दुपारी आला. पाइप पुन्हा उभा राहिला, तार जोडली गेली. मीठ आईनं घातलं, ओंजळीओंजळीनं, आणि कोळसाही तिनंच पसरला. निलेशला तिनं हात लावू दिला नाही. तो खुणेनं प्रतिक्षाला विचारत होता, काय झालं म्हणून. तिनं त्याला तारेकडे बोट दाखवलं.

दिवेलागणीला आईनं स्वतः मोटार लावली. मोरीवर आली. चपला काढल्या.

"आये, नको."

"तूच बोललीस ना, वाट केली म्हणून?"

निलेशनं टेस्टर लावून पाहिलं होतं, प्रतिक्षानं स्वतः नळ धरून पाहिला होता, तरी ती आईच्या अगदी जवळ सरकली. आईनं नळावर हात ठेवला. ठेवून उभी राहिली. पाणी वाहत होतं, मोटार घरघरत होती, आणि दुसरं काहीच होत नव्हतं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिनं नळ बंद केला आणि आपला तळवा उलटा-सुलटा करून पाहिला.

"दोन वरसं मी समजले, तो माजा हात धरतो," ती म्हणाली. "धरत नव्हता गो. ढकलत व्हता. सोड, सोड, बोलत व्हता. मला येडीला कळलं नाय."

करंटला माणूस कळत नाही, हे प्रतिक्षानं वर्गात सांगितलं होतं आणि पुढच्या वर्षीही सांगणार होती. आत्ता तिनं तांब्या भरला आणि आईच्या हातात दिला. आईनं तो खड्ड्यावर ओतला, पाणी जिरेपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "आनखी दे."